वृद्धाश्रम निवडताना: रात्री दोन वाजता तिथे कोण जागं असतं?

ठाण्यात राहणाऱ्या एका ताईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ८२ वर्षांचे, काही वर्षांपासून पार्किन्सन्स (हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार), अलीकडे रात्री बाथरूमला जाताना दोन-तीनदा पडले. आई ७५ वर्षांची, मधुमेह आणि गुडघेदुखी. दोघं साताऱ्यात राहतात, मुलगी, म्हणजे त्या स्वतः, ठाण्यात, मुलगा कॅनडात. पुणे-सातारा रस्त्यालगतची एक संस्था त्या बघून आल्या. बाग, मंदिर, भजनाचा हॉल, लख्ख खोल्या, सगळं आवडलं. आई म्हणते, "मीही त्यांच्याबरोबर जाईन." बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. पैसे भरायच्या आधी काय बघावं, काय विचारावं?

मी आधी रुग्णालयात परिचारिका होते, नंतर बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचं शुश्रूषा केंद्र सांभाळलं. म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून मी असंख्य मुलामुलींच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. त्यामुळे कोणते प्रश्न संस्थाचालकाला सोपे वाटतात आणि कोणत्या प्रश्नाला तो पेन खाली ठेवून नीट बसतो, हे मला माहीत आहे. बाग, मंदिर, जेवण, करमणूक हे सोपे प्रश्न. अवघड प्रश्न रात्रीचे असतात.

ताई, तुमचे बाबा दुपारी बागेत पडलेले नाहीत. ते रात्री, झोपेतून उठताना, बाथरूमच्या वाटेवर पडलेत. पार्किन्सन्समध्ये हे फार होतं. उभं राहिल्याबरोबर रक्तदाब उतरतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, रात्रीच्या गोळीचा असर संपत आलेला असतो आणि लघवीची घाई असते. तेव्हा तुम्ही जी संस्था निवडाल ती या एका प्रसंगाला काय करते, तिथून सुरुवात करा. बेल दाबल्यावर कोण येतं? किती वेळात येतं? ते माणूस जागं असतं की व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपलेलं असतं? त्या मजल्यावर रात्री एकूण किती जण असतात आणि त्यांच्यावर किती वृद्ध सोपवलेले असतात? तोंडी आकडा घेऊ नका. "या आठवड्याचं रात्रपाळीचं ड्युटीचं रजिस्टर बघू का?" असं सरळ विचारा. चांगली संस्था दाखवते. "रजिस्टर हेड ऑफिसला आहे" असं उत्तर आलं की मी तरी पुढचं बोलणं थांबवते.

एक लक्षात घ्या. जमिनीवर पडलेल्या माणसाला इजा न करता उचलायला दोन माणसं लागतात. अख्ख्या इमारतीत रात्री एकच मावशी आणि गेटवर एक वॉचमन असेल, तर तुमचे बाबा पडल्यावर वॉचमनच त्यांना उचलणार आहे. त्याला ते शिकवलंय का, हेही विचारून बघा. उत्तराआधी एक शांतता पडते, ती ऐकण्यासारखी असते.

आता संस्थेच्या प्रकाराबद्दल. आपल्याकडे सगळ्यालाच वृद्धाश्रम म्हणतात, पण त्यात किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला, ट्रस्टने चालवलेला साधा वृद्धाश्रम. तिथल्या प्रवेश अर्जातच बहुधा लिहिलेलं असतं की व्यक्ती स्वतःची कामं स्वतः करणारी हवी. दुसरी, ज्येष्ठांची गृहसंकुलं. पुण्यात 'अथश्री'सारखे प्रकल्प लोकांना माहीत आहेत. तिथे घर तुमचं स्वतःचं किंवा ठरावीक रक्कम भरून घेतलेलं, जेवण आणि सोबत मिळते, पण अंगमेहनतीची शुश्रूषा ही वेगळी सोय असते आणि तिचे पैसे वेगळे. तिसरं, शुश्रूषा केंद्र, जिथे नर्स, मावशी, मामा, फिजिओथेरपी, डायपर, नळीने अन्न देणं हे रोजचं काम असतं. तुमच्या आईला आज पहिल्या दोन्हींपैकी काहीही चालेल. बाबांना तिसरंच हवं. तुम्ही पाहिलेली जागा, वर्णनावरून तरी, पहिल्या प्रकारची दिसते. तिथे बाबांना आज घेतीलही. प्रश्न दोन वर्षांनी येईल.

म्हणून दुसरा अवघड प्रश्न: "यांची तब्येत ढासळली तर तुम्ही यांना ठेवाल का?" आणि याचं उत्तर करारनाम्यात कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगा. बऱ्याच करारांत एक ओळ असते की रहिवासी परावलंबी झाल्यास नातेवाइकांनी ठरावीक मुदतीत घेऊन जावे. ही अट ठेवण्यात संस्थेची चूक आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे नर्स नाही त्यांनी बेडसोरचा (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा) रुग्ण ठेवणं जास्त वाईट. पण पार्किन्सन्स पुढे सरकत जाणारा आजार आहे. गिळायला त्रास होईल, कूस बदलायला मदत लागेल, काही जणांना भास होतात, विसर पडतो. बाबांची जागा आजच्या चालण्यावर निवडलीत तर ८४-८५व्या वर्षी, सर्वांत नाजूक काळात, पुन्हा हलवावं लागेल. म्हाताऱ्या माणसाला एकदा हलवणं कठीण असतं. दुसऱ्यांदा हलवल्यावर सावरलेले मी फार थोडे पाहिलेत.

गोळ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पार्किन्सन्सच्या रुग्णाचं संस्थेत जे बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. बाबांना लिव्होडोपाची गोळी चालू असणार, आपल्याकडे बरेच जण तिला सिंडोपा या नावानेच ओळखतात. ही गोळी घड्याळाप्रमाणे लागते. सात, अकरा, तीन, सात अशा वेळा डॉक्टरांनी दिल्या असतील तर अकराची गोळी साडेबाराला देऊन भागत नाही. तोपर्यंत माणूस खुर्चीत गोठून बसलेला असतो, हातातला घास तोंडापर्यंत जात नाही. संस्थांमध्ये औषधं मात्र नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण अशी तीनदा वाटायची पद्धत असते, कारण ट्रॉली तेव्हाच फिरते. त्यात ही गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास किंवा नंतर तासाभराने दिली तर बरी लागू पडते. दूध, डाळ, पनीर अशा प्रथिनांच्या खाण्यासोबत दिली तर तिचा असर कमी होऊ शकतो. म्हणून विचारा, "अकराची गोळी कोण देतं? त्या वेळी ती व्यक्ती काय करत असते?" आणि औषधांचा तक्ता उघडून बघा. प्रत्येक वेळेपुढे सही आहे का? की महिनाअखेरीस एकाच पेनाने, एकाच अक्षरात सगळ्या सह्या केल्यासारख्या दिसतात?

तुम्ही तुमच्याकडून एक करा. न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठीवर "१-१-१" असं न लिहिता प्रत्यक्ष वेळा लिहून घ्या. ही गोळी अचानक बंद करायची नसते, हेही लिहून घ्या. आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टाळायच्या औषधांची नावं असू द्या. उलटी थांबवायला सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि बेचैन रुग्णाला शांत करायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल ही तिन्ही पार्किन्सन्स वाढवतात. रात्री उलट्या झाल्या, जवळच्या दवाखान्यातून डॉक्टर आले, त्यांना आजाराची कल्पना नाही, इंजेक्शन दिलं, आणि सकाळी माणूस लाकडासारखा ताठ. हे होऊ नये म्हणून ते पान. पर्यायी औषध कोणतं ते तुमच्या डॉक्टरांनीच लिहावं.

झोपेच्या गोळ्यांचं इथेच सांगून टाकते. "आमच्याकडे रात्री सगळे शांत झोपतात" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मी सावध होते. म्हातारी माणसं रात्रभर शांत झोपत नाहीत. उठतात, लघवीला जातात, कुणी हाका मारतं, कुणी देवाचं म्हणतं. सगळा मजला नऊ ते सहा चिडीचूप असेल तर त्यांना काय दिलं जातंय ते विचारलं पाहिजे. हातपाय बांधतात का, हेही. विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. "कधी बांधावं लागतं का? कोणाच्या परवानगीने? कुठे नोंद करता?"

आता प्रत्यक्ष भेट. तुम्ही बहुतेक रविवारी सकाळी वेळ ठरवून गेला असाल. पुन्हा जा, न सांगता, संध्याकाळी सहा-साडेसहाला. तेव्हा दोन गोष्टी एकदम दिसतात, जेवण आणि पाळीबदल. भरवायला लागणारे किती आहेत आणि भरवणारे किती? मावशी एकाच वेळी तिघांच्या ताटांत चमचा घालत फिरते की एकासमोर बसून, गिळेपर्यंत थांबून पुढचा घास देते? पार्किन्सन्समध्ये घाईने भरवणं धोक्याचं असतं. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि या आजारात माणूस दगावण्याचं ते एक मोठं कारण आहे. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून देतात का, पाणी थोडं घट्ट करून द्यायची वेळ आली तर ते कुणाला माहीत आहे का, तेही बघा.

जेवणाच्या वेळेचा संबंध तुमच्या आईशीही आहे. अनेक ठिकाणी रात्रीचं जेवण साडेसहाला उरकतात, कारण स्वयंपाकाची बाई सातला घरी जाते. सकाळी चहा सातला आणि नाश्ता साडेआठला. म्हणजे चहा सोडला तर चौदा तास पोटात काही नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाची साखर पहाटे घसरू शकते, घाम फुटतो, गोंधळ होतो, आणि लोक म्हणतात "आजींना भ्रम झालाय." रात्री नऊला दूध किंवा खाकरा-बिस्किट मिळतं का, मजल्यावर ग्लुकोमीटर आहे का आणि रात्रपाळीच्या माणसाला तो वापरता येतो का, एवढं विचारा.

बेडसोरचा प्रश्न मी नेहमी असा विचारायला सांगते: "आत्ता तुमच्याकडे किती जणांना बेडसोर आहेत? त्यांतले इथे आल्यावर झालेले किती?" अंथरुणाला खिळलेली माणसं असलेल्या ठिकाणी "एकालाही नाही" हे उत्तर खरं असू शकतं, पण लगेच विश्वास ठेवू नका. "तिघांना आहेत, दोघं हॉस्पिटलमधून घेऊन आले, एकीचा इथे झाला, तिची आता हवेची गादी लावलीय, दर दोन तासांनी कूस बदलतो, हा बघा तक्ता" असं कुणी सांगितलं, तर त्या संस्थेबद्दल माझा आदर वाढतो. तिथे कुणीतरी चादर उचलून पाठ बघतंय, हे त्यातून कळतं. आणि हवेच्या गादीला वीज लागते. वीज गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टर किती वेळ चालतो ते विचारा. पावसाळ्यात गावाबाहेरच्या जागी हे फार महत्त्वाचं.

वास. एखाद्या खोलीत लघवीचा वास आला तर नाक मुरडू नका, तेवढ्यात कुणाचा तरी डायपर भरला असेल. सकाळी अकरा वाजता संपूर्ण पॅसेजमध्ये तोच वास असेल तर मात्र बदलायला माणसं नाहीत. आणि फिनेलचा डोळ्यांत पाणी आणणारा वास असेल तर काहीतरी झाकलंय. वृद्धांच्या हातांची नखं बघा, चष्म्याच्या काचा बघा, पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात आहे की टेबलाच्या त्या टोकाला, ते बघा. नखं कापणं हे कुणाच्याच ठरलेल्या कामात येत नाही, म्हणून त्यावरून बरंच कळतं.

मोजपट्टी घेऊन जा. हसण्यावारी नेऊ नका. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो, व्हीलचेअर त्याहून थोडी जास्त, आणि जुन्या इमारतींतल्या संडासांची दारं कित्येकदा अडीच फुटांचीही नसतात. महारेराने (राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, म्हणजे जवळजवळ तीन फूट, असं म्हटलंय. ती नव्या गृहप्रकल्पांसाठी आहेत, तुमची संस्था त्यांत बसेलच असं नाही, पण माप म्हणून चांगलं आहे. पलंगापासून संडासापर्यंतची पावलं मोजा. उंबरा आहे का? भिंतीला धरायला दांडा आहे का, आणि तो ओढून पाहिल्यावर हलतो का? रात्री दिवा कुठला? पार्किन्सन्सचा माणूस दाराच्या चौकटीत अडकतो, तिथेच पाय थिजतात, त्यामुळे अरुंद दार त्यांच्यासाठी नुसतं गैरसोयीचं नाही, पाडणारं आहे.

माणसांशी बोला, पण संस्थाचालकाशी कमी आणि मावशींशी जास्त. तुम्ही महिन्याचे पैसे देता ते खरं तर त्या मावशीच्या कष्टाचे, बागेचे नाही. "किती वर्षं झाली इथे?" या साध्या प्रश्नाने सुरुवात करा. तिघींपैकी तिघी चार-सहा महिन्यांपूर्वी आलेल्या असतील तर तिथे माणूस टिकत नाही, आणि का टिकत नाही हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. आठवड्याची सुट्टी मिळते का, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, पगार वेळेवर होतो का, राहायला जागा कशी आहे. यातल्या बऱ्याच बाया मराठवाड्यातून, विदर्भातून, हल्ली इतर राज्यांतूनही येतात आणि संस्थेतच राहतात. बारा तासांची पाळी करून त्याच आवारात झोपणारी बाई सलग महिनाभर सुट्टीविना राबत असेल, तर तिच्या हाताला मऊपणा राहील अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. नर्स म्हणून ओळख करून दिलेल्या मुलीचं शिक्षण विचारा: एएनएम, जीएनएम, बीएस्सी असं नर्सिंगचं रीतसर शिक्षण की सहा महिन्यांचा कोर्स? कोर्स केलेल्या मुलीही छान काम करतात, पण डॉक्टरांनी ठरवलेला इन्सुलिनचा डोस नीट द्यायला रीतसर शिकलेलं कुणी असावं लागतं.

नोंदणीची कागदपत्रं मागा, पण त्यांतून काय कळतं आणि काय कळत नाही ते समजून घ्या. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे ट्रस्ट अस्तित्वात आहे आणि हिशेब द्यायला बांधील आहे, एवढंच. तिच्यात कूस बदलण्याबद्दल अक्षरही नसतं. रुग्ण ठेवून उपचार होत असतील तर महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू होतो, त्याखालची नोंदणी आहे का बघा. आगीचं विचाराच: राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. शेवटचं कधीचं आहे? दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवली असतील तर आग लागल्यावर त्यांना खाली कसं आणणार?

पैसे. महिन्याचा आकडा एक असतो आणि बिल दुसरंच येतं. डायपर, औषधं, फिजिओ, हातमोजे, कॅथेटर बदलणं, हॉस्पिटलला नेलं तर सोबत पाठवलेल्या माणसाची रोजी, अँब्युलन्स, हे सगळं आत की बाहेर ते लिहून घ्या. नुसता दर विचारू नका. तुमच्या बाबांसारख्याच एखाद्या रहिवाशाचं गेल्या महिन्याचं बिल, नाव झाकून, दाखवायला सांगा. हॉस्पिटलात दहा दिवस असले तर इथलं भाडं पूर्ण लागतं का? दरवर्षी वाढ किती? ३०,००० रुपयांवर दरसाल १० टक्के वाढ धरली तर सात वर्षांत ते ५८,००० च्या पुढे जातं. बाबांची पेन्शन त्या वेगाने वाढणार नाही. भावाशी हा हिशेब आजच मांडा. जीएसटीचंही बघा. प्राप्तिकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थेने ६० वर्षांवरच्या रहिवाशाकडून राहणं-जेवण-देखभाल मिळून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत घेतले तर त्यावर करसवलत आहे. खासगी कंपनीला ती मिळत नाही.

अनामत रकमेबद्दल तीन वाक्यं करारात हवीत: किती परत मिळणार, कधी मिळणार, आणि रहिवासी वारल्यास कोणाला. "देणगी" म्हणून मोठी रक्कम मागत असतील तर ती परत मिळणार नाही असं समजूनच द्यायची की नाही ते ठरवा. सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण आलंय, उत्पन्नाची अट नाही. आईबाबांची कार्डं काढली नसतील तर काढा. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी, संस्थेचं भाडं त्यातून भरता येत नाही. बऱ्याच घरांत हा गैरसमज असतो.

बाबांचं डोकं आज शाबूत आहे, म्हणून काही कागद आत्ताच. साधं मुखत्यारपत्र माणसाची आकलनशक्ती गेल्यावर चालत नाही, आणि नेमकी तेव्हाच गरज लागते. त्यामुळे बँकखातं आईसोबत आणि तुमच्यासोबत संयुक्त, नामनिर्देशन, मृत्युपत्र ही कामं जाण्यापूर्वी उरका. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको, हे त्यांना लिहून ठेवायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. त्यांना हा विषय नको असेल तर सोडून द्या.

साताऱ्याचं घर या घाईत कुणाच्या नावावर करू नका. झालंच तर बक्षीसपत्रात "आमची देखभाल करण्याच्या अटीवर" हे शब्द स्पष्ट असू द्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ खाली असा व्यवहार देखभाल न झाल्यास रद्द करून घेता येतो, आणि अट कागदावर असली की वाद कमी होतो. तुमच्या घरात ती वेळ येणार नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: त्या कायद्याखालचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करता येतो, वकील लागत नाही. अडचणीत असलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आणखी एक प्रश्न, जो विचारायला जीभ वळत नाही. "रात्री कुणी वारलं तर मृत्यूचं प्रमाणपत्र कोण देतं?" रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरने ४-अ नमुन्यात कारण लिहून द्यावं लागतं. ज्याने त्या माणसाला आधी तपासलेलंच नाही असा डॉक्टर ते द्यायला कचरतो, आणि रास्तच आहे. मग पहाटे चार वाजता कुटुंबाची धावपळ होते. संस्थेचे डॉक्टर आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष येऊन तपासतात आणि फाइलवर लिहितात, असं असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. डॉक्टर "ऑन कॉल" असतील तर किती अंतरावरून, हे विचारा.

अंतराचा मुद्दा तुमच्या बाबतीत मी सर्वांत वर ठेवेन. पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाच्या आसपासची हवा छान आहे, पण तुम्ही ठाण्यात राहता. मुंबई-पुणे रस्त्यावरची कोंडी धरली तर तुमचा अख्खा रविवार जाण्यायेण्यात जाईल. पहिले तीन महिने जाल, मग पंधरवड्याने, मग सणासुदीला. हे कुणाच्या प्रेमाबद्दल नाही, रस्त्याबद्दल आहे. ज्या रहिवाशाकडे न सांगता कुणीतरी येतं, त्याची चादर आधी बदलली जाते. मी संस्था चालवत असतानाही हे घडत होतं, आणि मला ते रोखायला कायम लक्ष ठेवावं लागायचं. त्यामुळे ठाणे, कल्याण, बदलापूर, कर्जत या पट्ट्यातली थोडी कमी देखणी पण रात्री दोन माणसं जागी असलेली जागा मिळाली, तर ती घ्या. फक्त आईचा सातारा सुटतो, तिच्या मैत्रिणी, तिचा डॉक्टर, मंडईतली ओळखीची माणसं. ते किती मोठं आहे हे तिनेच सांगायला हवं.

आईबद्दल. "मीही जाईन" हे तिने मनापासून म्हटलंय की दुसरं काही म्हणताच येत नाही म्हणून म्हटलंय, ते दोघी एकट्या असताना विचारा. जोडप्यांच्या खोलीत एक गोष्ट हमखास होते. संस्था धरून चालते की आजी आहेतच सोबत. मग रात्रीची बेल वाजतच नाही, आईच उठते, आईच बाबांना बाथरूमला नेते, गुडघे तिचे जातात आणि पैसे दोघांचे भरले जातात. "आई खोलीत असली तरी बाबांची सगळी शुश्रूषा, रात्रीची धरून, तुमचीच माणसं करतील" हे करारात लिहून घ्या. आणि बाबांच्या पश्चात तिला त्याच खोलीत राहता येईल का, कोणत्या दराने, की तिला तीन कॉटच्या खोलीत हलवतील, हेही. त्या आठवड्यात कुणी भांडायच्या मनःस्थितीत नसतं. काही घरांत बाबा शुश्रूषा केंद्रात आणि आई चालत जाता येईल अशा भाड्याच्या घरात किंवा मुलीकडे, ही मांडणी दोघांनाही मानवते. लोकांना ती विचित्र वाटते, मला वाटत नाही.

बाबांना सांगा. आजच. "तपासणीला पुण्याला जायचंय" म्हणून गाडीत बसवून नेलेली माणसं मी पाहिली आहेत. ती चिडतात, खाणं सोडतात, आणि त्यानंतर मुलांच्या कुठल्याच शब्दावर त्यांचा भरवसा राहत नाही. सांगताना आईच्या तब्येतीवर ढकलू नका. रात्रीचं पडणं त्यांना स्वतःलाही घाबरवतंच, तिथूनच विषय काढा. घरी चोवीस तासांचा माणूस ठेवण्याचा पर्यायही समोर मांडा. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस चांगला लागला तर ते उत्तमच, फक्त तो अचानक सोडून गेल्यावर त्या रात्री काय, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. मग दोन जागा निवडून त्यांना दोन्ही दाखवा आणि नाही म्हणायचा हक्क खरोखर द्या. "साताऱ्यातले लोक काय म्हणतील" असं ते म्हणतील. त्यावर वाद घालू नका. त्यांना फार तर "महिनाभर राहून बघू" एवढंच मान्य करायला सांगा, आणि महिनाभरच पैसे भरा. बऱ्याच संस्था अल्पमुदतीसाठी ठेवून घेतात. साताऱ्याचं घर तोवर तसंच राहू द्या, गॅसचं कनेक्शन बंद करू नका, भाडेकरू ठेवू नका.

काही संस्था पहिले दोन आठवडे भेटायला येऊ नका म्हणतात, "म्हणजे ते रुळतील." मला हे पटत नाही. नवीन जागी, नवीन हातांत, पार्किन्सन्सच्या माणसाला पहिल्या दोन आठवड्यांतच ओळखीचा चेहरा हवा असतो, आणि गोळ्यांचा घोळही त्याच काळात होतो. पहिल्या आठवड्यात तुम्ही एकदा अकरा वाजता तिथे असा आणि गोळी येते का बघा.

भावाचं राहिलं. कॅनडातून तो पैसे पाठवेल, ते ठीकच. त्याच्याकडे एक काम पूर्णपणे सोपवा: दर आठवड्याला एकदा व्हिडिओ कॉल, पण बाबांना नाही, रात्रपाळीच्या सिस्टरला. तिकडे सकाळ असते तेव्हा इथे रात्रीचे नऊ-दहा वाजलेले असतात, वेळ आपोआप जुळते. आज बाबा किती चालले, किती जेवले, पोट साफ झालं का, कुठे लाल झालंय का, हे त्याने विचारायचं आणि तुम्हाला कळवायचं. पेन्शनीचा हयातीचा दाखलाही त्याने लक्षात ठेवावा. नोव्हेंबरमध्ये तो द्यावा लागतो, ८० वर्षांपुढच्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' हा डिजिटल हयातीचा दाखला काढता येतो, संस्थेतल्या पलंगावर बसूनसुद्धा.